ब्युरोच्या सेवेची पारख कोण करणार? ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकट्याने उठबस न जमणाऱ्या ज्येष्ठांसाठी घरी माणूस पाठवणाऱ्या संस्थांना आपण सगळे सरसकट ‘ब्युरो’ म्हणतो. या ब्युरोंच्या सेवेचा दर्जा पद्धतशीरपणे तपासण्याचे काम आपल्या संघांनी हाती घ्यावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी परिचर्या विद्यालयात सिस्टर ट्यूटर होते. निवृत्तीनंतर पुण्यात ओळखीपाळखीच्या घरांतून बोलावणे येते, कधी ब्युरोच्या बाईला नळीतून पेज कशी द्यायची ते दाखवायला, कधी पाठीवरची जखम पाहायला, आणि पुष्कळदा नुसते ‘ही बाई नीट करते आहे ना, एकदा बघून जा’ एवढ्यासाठी. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका भेटीत देता येत नाही आणि मी एकटीने ते द्यावे हेही बरोबर नाही, म्हणून तो आपल्यापुढे ठेवते आहे.

हे पत्र शासनाला का लिहिले नाही, ते आधी सांगते. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था विनियमन अधिनियमाखाली परवाना घ्यावा लागतो. तिने पाठवलेल्या माणसाची पूर्वपीठिका तपासावी लागते, आणि केंद्राच्या आदर्श नियमांनी त्याच्यासाठी १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे असे प्रशिक्षण ठरवून दिले आहे. हे सारे कितपत पाळले जाते हा वेगळा प्रश्न, पण निदान नियम आहेत आणि परवाना रद्द होऊ शकतो. त्याच सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर आजींना इन्सुलिन टोचणारी, नाकातल्या नळीतून दूध देणारी बाई ज्या संस्थेने पाठवली, त्या संस्थेला मात्र सेवेच्या दर्जाशी संबंध असलेला असा कोणताही परवाना लागत नाही. बहुतेकांकडे असते ते गुमास्ता लायसन्स, म्हणजे किराणा दुकानाला असते तेच. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा आहे. तो नर्सिंग होमच्या खाटांना लागतो, घरातल्या खाटेला नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा मुख्यतः निर्वाहभत्ता, मालमत्ता आणि वृद्धाश्रम यांच्याविषयी बोलतो. त्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद होती. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते विधेयक व्यपगत झाले.

पुढचा कायदा येईल तेव्हा येईल. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांची संख्या १ कोटी १० लाखांच्या वर होती, आणि त्यांतले जे तेव्हा पासष्टीचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. एवढ्या माणसांना थांबा म्हणता येत नाही. शासनाकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे. एकाच वॉर्डात, एकाच ब्युरोची माणसे घरी आलेली दहा-वीस कुटुंबे एका संघाच्या सभासदांत सहज सापडतात आणि ती आठवड्यातून एकदा एका सभागृहात भेटतातही. आजवर त्यांनी ही माहिती एकमेकांना चहाच्या वेळी सांगितली. ती एका कागदावर, एकाच पद्धतीने नोंदवली गेली तर तिला किंमत येईल.

आज ब्युरोची निवड कशी होते ते आपण जाणतोच. रुग्णालयातून डिस्चार्ज मिळायला काही तास उरलेले असतात, वॉर्डातली एखादी मावशी किंवा औषधाच्या दुकानातला मुलगा एक नंबर देतो, मुलगा किंवा सून फोन लावते आणि तीन प्रश्न विचारले जातात: दर काय, बाई कधी येईल, आणि आधार कार्ड आहे ना. ब्युरोवाले व्हॉट्सॲपवर आधार कार्डाचा फोटो पाठवतात, डिपॉझिट जमा होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाई दारात उभी राहते. रुग्णाला झाले आहे काय, त्याचे वजन किती, एकट्या बाईला तो उचलवेल का, नळी कोणती आहे, रात्री किती वेळा उठावे लागते, हे ब्युरोने विचारलेले नसते आणि कुटुंबाला ते सांगायचे असते हे ठाऊक नसते. महिनाभराने ब्युरोतून फोन येतो, ‘मावशी कशा आहेत?’ आणि घरचे म्हणतात, ‘छान आहेत हो, आईला त्यांचा लळा लागलाय.’ गुणवत्तेची तपासणी म्हणून जे काही होते ते इथे संपते.

माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. मावशी प्रेमळ असणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि चिडकी, कामचुकार बाई कुणालाही नको असते. परंतु मावशींचा स्वभाव हा मावशींचा गुण आहे. त्याचे श्रेय ब्युरोला देण्याचे कारण नाही. ब्युरो आपल्याकडून महिन्याला जे कमिशन घेतो ते कशाबद्दल घेतो, हा प्रश्न विचारला की तपासणीची दिशा बदलते. माणूस निवडणे, त्याला कामाला तयार करणे, रुग्णाला पाहून योग्य माणूस नेमणे, मधून मधून येऊन काम पाहणे, तो आजारी पडला तर दुसरा देणे आणि काही बिघडले तर जबाबदारी घेणे, ही ब्युरोची कामे आहेत. यांपैकी किती कामे तो करतो हे मोजले पाहिजे. चांगल्या बाईच्या जिवावर चाललेला वाईट ब्युरो आणि नवख्या बाईला सांभाळून घेणारा चांगला ब्युरो यांतला फरक ‘मावशी छान आहेत’ या वाक्यात कधीच दिसत नाही.

आता तपासायचे काय, याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण घरच्यांची नजर नेमकी जिथे जायला हवी तिथे जात नाही. आपली पहिली धास्ती असते ती चोरीची. पोलीस व्हेरिफिकेशन हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण कपाटाच्या किल्ल्या जपणाऱ्या घरात इन्सुलिन जेवणाच्या किती आधी दिले जाते हे कुणालाच माहीत नसते, असे मी वारंवार पाहिले आहे.

मी कुठल्याही घरी गेले की रुग्णाला कुशीवर वळवून त्याची पाठ पाहते. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोट्यांची हाडे आणि जे फार काळ उताणे असतात त्यांच्या डोक्याची मागची बाजू. जो स्वतःहून हलू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. हवेची गादी आणली म्हणून ते टळत नाही, जरी गादी विकणारा तसे सांगत असला तरी. पुस्तकात पहिल्या पायरीच्या बेडसोअरचे, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचे, वर्णन ‘बोटाने दाबल्यावर पांढरी न पडणारी लाली’ असे असते, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही. तिथे कातडी आजूबाजूपेक्षा काळपट, हाताला गरम किंवा कडक लागते, आणि ही खूण सापडली त्या दिवसापासून त्या जागेवरचा भार काढला तर जखम बहुधा होत नाही. खूण सुटली तर मात्र फोड येतो, कातडी जाते, आणि पुढच्या पायऱ्यांत हाडापर्यंत पोचलेली जखम भरायला महिनोन् महिने लागतात. म्हणून ‘आमच्याकडे रुग्ण आला तेव्हा त्याची पाठ कशी होती, आणि आज कशी आहे’ एवढी एक नोंद ठेवणारा ब्युरो बाकीच्या दहांपेक्षा वेगळा ठरतो. ही नोंद पहिल्याच दिवशी, घरच्यांसमक्ष, दोघांच्या सहीने व्हायला हवी, नाहीतर जखम रुग्णालयातून आली की घरात झाली यावर पुढे भांडण होते आणि ते कधीच सुटत नाही.

नळीचेही तसेच. नाकातल्या नळीने आहार देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी आणि आहार संपल्यावर निदान अर्धा तास ती तशीच राहायला हवी, नाहीतर दूध छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आहाराआधी नळी जागेवर आहे याची खात्री करायची, आणि नंतर पाणी घालून नळी धुवायची. हे शिकवायला एक दुपार पुरते. तरीही ज्या बायांना मी विचारते त्यांच्यापैकी अनेकींना हे ब्युरोने नव्हे, आधीच्या घरातल्या आधीच्या बाईने दाखवलेले असते, आणि त्या आधीच्या बाईला कुणी दाखवले हे ब्रह्मदेवालाच ठाऊक. ब्युरोने कुणाला, काय आणि किती वेळ शिकवले, हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ असे कौशल्य विकासाचे ठरलेले अभ्यासक्रम देशात आहेत. तसे प्रमाणपत्र असेल तर ते पाहावे, मात्र प्रमाणपत्र आहे म्हणून पाठ पाहणे सोडू नये.

याच ठिकाणी एक घोळ कायमचा मिटवला पाहिजे. पांढरा किंवा निळा गणवेश घातला की आपण बाईला ‘सिस्टर’ म्हणू लागतो आणि काही ब्युरो त्याचा फायदा घेऊन दरही सिस्टरचा लावतात. ए. एन. एम., जी. एन. एम. किंवा बी. एस्सी. नर्सिंग असा परिचर्येचा मान्य अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली असेल तीच परिचारिका. तिच्याकडे नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारण्यात अपमान कसलाच नाही. अटेंडंटचे काम कमी प्रतीचे नाही, पण ते वेगळे आहे. शिरेतून इंजेक्शन देणे, कॅथेटर बदलणे, श्वासनलिकेच्या छिद्रातून कफ ओढणे ही कामे अटेंडंटकडून करवून घेणारा ब्युरो, आणि तशी गळ घालणारे कुटुंब, दोघेही रुग्णाच्या जिवाशी खेळत असतात. ब्युरोच्या करारात ‘ही कामे आमचा अटेंडंट करणार नाही’ अशी यादी आहे का, हे पाहावे. अशी यादी देणारा ब्युरो कामाला टाळाटाळ करतो असे घरच्यांना वाटते. माझ्या मते तीच त्याची पहिली चांगली खूण आहे.

घरातली नोंदवही ही दुसरी पाहण्याची जागा. एका घरी मला वही दाखवण्यात आली, छान आखलेली, वेळ, औषध, शुगर, बीपी, लघवी, सगळे रकाने भरलेले. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी १२०/८०, एकाच निळ्या शाईत, एकाच तिरक्या अक्षरात, आणि पुढच्या दिवसाचा सकाळचा रकानाही आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलेला. बीपीचे यंत्र मागितले तर त्याचे सेल गेलेले होते. त्या बाईला मी दोष देत नाही. तिला वही भरायला सांगितली होती आणि तिने ती भरली; ती वही वाचायला कुणी येणार नाही हे तिला पहिल्या आठवड्यातच कळले होते. खरी नोंद ओबडधोबड असते. तिच्यात खाडाखोड असते, ‘दुपारी जेवण अर्धेच घेतले, खोकला आला, सूनबाईंना सांगितले’ अशी ओळ असते, आणि ब्युरोच्या सुपरवायझरने येऊन पाहिल्याची सही व तारीख असते. ही सही मला फार कमी वह्यांत दिसते.

रात्रीच्या कामाबद्दल कुटुंबे बोलायला कचरतात, म्हणून इथे स्पष्टच लिहिते. महिन्याला किती डायपर आणले आणि किती लागले याचा हिशेब घातला की रात्री डायपर बदलला जातो की सकाळपर्यंत तसाच राहतो, ते लक्षात येते. झोपेच्या गोळ्यांची पट्टी डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा लवकर संपते का, हेही मोजता येते. नळी उपसू नये म्हणून रुग्णाचे हात ओढणीने पलंगाला बांधलेले मी पाहिले आहेत. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय आणि घरच्यांना सांगितल्याशिवाय असे करता कामा नये, आणि ब्युरोचा याबाबतचा नियम काय हे आधीच विचारून ठेवावे. विसराळूपणाचा आजार असलेल्या रुग्णांच्या बाबतीत तर हे सर्वांत आधी विचारावे, कारण ते स्वतः तक्रार करू शकत नाहीत.

ब्युरोची खरी कसोटी लागते ती गौरी-गणपतीत आणि दिवाळीत. पुण्या-मुंबईत हे काम करणाऱ्या कितीतरी बाया मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आलेल्या आहेत. सणाला, गावच्या जत्रेला, सोयाबीन काढणीला त्या घरी जाणारच, आणि का जाऊ नये? त्या काळात ब्युरोने बदली दिली का, किती तासांत दिली, बदलीच्या बाईला आधीच्या बाईने समोरासमोर काम समजावून दिले का, की तिच्या हाती नुसता पत्ता ठेवला, हे नोंदवण्यासारखे आहे. एका रुग्णाकडे तीन महिन्यांत किती वेगवेगळ्या बाया आल्या, हा आकडा तर दर्जाचा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत बोलका निर्देशक आहे. दर पंधरवड्याला नवा चेहरा दिसला की विसराळू रुग्ण घाबरतो, जेवायचे थांबतो, आणि दोष मात्र त्याच्या आजाराला दिला जातो.

परंतु बाया का टिकत नाहीत हे विचारल्याशिवाय केलेले मूल्यमापन अर्धवट राहील, आणि इथे मला संघांच्या सभासदांनाही काही सांगायचे आहे. आपण ब्युरोला देतो त्यातले बाईच्या हाती किती पडतात, हे बहुतेक घरांना माहीत नसते. तो आकडा सांगायला नकार देणाऱ्या ब्युरोच्या दर्जाबद्दल वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. २४ तासांची ड्युटी म्हणजे २४ तास जागे राहणे नव्हे. तिला सलग झोप किती मिळते, ती झोपते कुठे, आठवड्याची सुट्टी मिळते का, तिला जेवायला घरातलेच ताट आहे की कालची पोळी आणि वेगळा कप, यांवर रुग्णाची कूस रात्री दोन वाजता बदलली जाणार की नाही हे ठरते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, पण ब्युरोमार्फत रुग्णसेवेला येणारी बाई स्वतःला घरेलू कामगार समजत नाही आणि ब्युरो तिला आपली कर्मचारी मानत नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तिला तक्रार करता येते, घर हेही तिचे कामाचे ठिकाण आहे म्हणून. ही गोष्ट तिला ब्युरोने सांगितलेली असते का, हा प्रश्न आपल्या प्रश्नावलीत असलाच पाहिजे. त्या उत्तराने काही सभासदांची अडचण होईल. होऊ द्यावी.

संघांनी नेमके काय करावे, याची माझी सूचना साधी आहे. आपल्या भागात सेवा देणाऱ्या प्रत्येक ब्युरोला संघाच्या पत्रशीर्षावर प्रश्नावली पाठवावी आणि उत्तराला महिन्याची मुदत द्यावी. ज्या सभासदांकडे त्या ब्युरोची माणसे आहेत त्यांच्याकडून पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा तीन महिन्यांनी एकच ठरावीक कागद भरून घ्यावा. त्यात ‘समाधानी आहात का’ असा रकाना नसावा, घडले ते आणि त्याची तारीख असावी. सुपरवायझर आला का? कधी? पाठीवर नवी खूण? पडणे झाले का, आणि ब्युरोला कळवल्यावर त्याने काय केले? औषध चुकले का? बदली किती तासांत आली? रुग्ण बोलू शकत असेल तर घरच्यांच्या आणि बाईच्या माघारी, संघाच्या कुणीतरी त्याच्याशी वेगळे बोलावे, कारण मुलाचे समाधान आणि आईचे समाधान या दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. जमलेली माहिती ब्युरोला दाखवून त्याचे म्हणणे घ्यावे आणि मगच ती सभासदांसाठी सूचनाफलकावर लावावी. कागदावर नसलेली एकही गोष्ट तिथे जाऊ नये. ही शिस्त पाळली नाही तर पहिल्याच वर्षी कुणीतरी वकिलाची नोटीस पाठवेल आणि काम बंद पडेल.

तारे किंवा गुण देण्याच्या मोहात मात्र पडू नये. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही सरकारी यंत्रणा २००९ पासून काम करते आहे, आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांना ती पाच प्रश्न लावते: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, रुग्णाच्या गरजेप्रमाणे बदलते का आणि संस्था नीट चालवली जाते का. तपासणीनंतर मिळालेली श्रेणी संस्थेला लोकांना दिसेल अशी लावावी लागते. त्यांच्याकडे कायदा, निरीक्षक आणि पैसा आहे, तरीही पंधरा मिनिटांत उरकलेल्या भेटींवरून तिथे वर्षानुवर्षे ओरड झाली, आणि २०१५ मध्ये आरोग्य आणि देखभालीच्या सेवांसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘नाइस’ या तिथल्या संस्थेला आपल्या सूचनेत लिहावे लागले की काही ठरावीक अपवाद सोडता भेट अर्ध्या तासापेक्षा कमी नसावी. आपण तेवढे मोठे काम करायला निघालेलो नाही. जवळचे उदाहरण केरळचे आहे. तिथे २००८ पासून उपशामक सेवेचे (पॅलिएटिव्ह केअरचे) राज्य धोरण आहे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या साहाय्याने प्रशिक्षित परिचारिका व स्वयंसेवक घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांना पाहतात. तिथल्या स्वयंसेवकांत निवृत्त शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, आपल्या संघांत असतात तशीच माणसे आहेत.

पावतीबद्दलही लिहायला हवे, कारण तिच्याविना पुढचे सगळे अडते. अनेक घरे ब्युरोच्या मालकाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पैसे टाकतात आणि बिल मागत नाहीत. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी आढळली तर जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर त्यासाठी शुल्कही पडत नाही. पण ब्युरोचे नाव, कालावधी, नेमलेल्या व्यक्तीचा प्रकार आणि दर लिहिलेले बिल व करार हातात नसेल तर सिद्ध काय करणार? सभासदांना बिल घ्यायला लावणे एवढे एक काम जरी संघांनी या वर्षी केले तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ वर केलेल्या फोनला काही आधार राहील.

आणखी एक गोष्ट, जी काही कार्यकारिणींना रुचणार नाही. अनेक संघांच्या स्मरणिकांत ब्युरोंच्या पानभर जाहिराती असतात आणि वार्षिक सभेच्या चहापाण्याचा खर्चही कधी कधी त्यांच्याकडून येतो. प्रश्नावलीला उत्तर न देणाऱ्या ब्युरोची जाहिरात घेऊ नये, आणि उत्तर देणाऱ्याचीही घेतली तर त्या पानावर ‘ही जाहिरात आहे, संघाची शिफारस नाही’ असे छापावे. फेस्कॉमने, म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघांच्या राज्य महासंघाने, एक समान प्रश्नावली तयार करून संलग्न संघांना पाठवली तर नाशिकची माहिती नागपूरशी ताडून पाहता येईल, आणि पुढे शासनाकडे नियमांचा आग्रह धरताना हाती पुरावा असेल.

ब्युरो चालवणाऱ्यांपैकी काहीजण हे पत्र वाचतील. त्यांच्यात मनापासून काम करणारे आहेत हे मला माहीत आहे. रात्री अकराला स्वतः बदली म्हणून जाऊन बसलेल्या एका ब्युरोच्या चालक बाईंना मी ओळखते. दर कमी लावणाऱ्या आणि काहीच न शिकवणाऱ्या शेजारच्या ब्युरोपुढे त्या टिकू शकत नाहीत, ही त्यांची तक्रार खरी आहे, आणि दर्जा उघडपणे मोजला जाऊ लागला तर त्यांचेच भले होईल.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील ज्या संघांना प्रश्नावलीचा मसुदा करायला किंवा सभासदांना पाठ तपासण्याचे, कूस बदलण्याचे आणि नोंदवही वाचण्याचे प्रात्यक्षिक दाखवायला कुणी हवे असेल, त्यांच्याकडे मी माझ्या खर्चाने येईन. सभागृहात एक खाट, एक चादर, तीन उशा आणि आडवे व्हायला तयार असलेला एक सभासद एवढी सोय करून ठेवावी. शक्यतो सुनांना आणि मुलांनाही बोलवावे, आणि ज्यांच्या घरी आज मावशी आहेत त्यांनी मावशींना बरोबर आणावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर, पुणे